चांदी म्हणजे बिबट्या!

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तंजावर, जिथे कुठे असाल तिथे आरामात बसा. आजचा विषय थोडा वात्रट आहे, पण प्रश्न तुमच्या-माझ्या पेन्शनचा आहे.

माझं म्हणणं असं की सोनं हा वाघ आहे आणि चांदी हा बिबट्या. नोकरीच्या काळात चांदी आणि बिबट्या दोघांशीही माझा संबंध आला. चांदीशी ऑफिसर्स मेसमध्ये, बिबट्याशी डोंगरातल्या छावण्यांमध्ये. दोघांचे स्वभाव इतके जुळतात की मला राहवत नाही.

आधी वाघाचं बघू. वाघ आपला राष्ट्रीय प्राणी. त्याच्यासाठी १९७३ पासून व्याघ्र प्रकल्प, राखीव जंगलं, पहारेकरी. सोन्याचंही तेच. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे ८०० टनांहून जास्त सोनं आहे, आणि जगातल्या मोठ्या बँका ते तिजोरीत जपून ठेवतात. चांदीला असा मान नाही. मध्यवर्ती बँका सहसा तिचा साठा करत नाहीत. बिबट्यालाही वाघासारखा स्वतःचा प्रकल्प नाही. आपलं पोट त्यानं आपण भरायचं, आपला जीव आपण सांभाळायचा.

वाघ बघायला आपण पैसे भरून जिप्सीत बसतो. बिबट्या मात्र फुकटात आपल्या परसात येऊन जातो. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वाघ ३,६८२ च्या आसपास आणि बिबटे १३,८७४. मग ते दिसत का नाहीत? कारण ते लपण्यात पटाईत. मुंबईच्या बोरिवलीत लाखो लोकांच्या शेजारी राहतात, जुन्नरच्या उसात पिल्लं घालतात. कुणी तेंदुआ म्हणतं, बडोद्याकडे दीपडो, बेळगावकडे चिरते. पण ओळखीचा सगळीकडे.

चांदीसुद्धा अशीच घरात लपलेली असते. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे फक्त निरांजन आणि नातवाचा वाळा आहे. चुकलात! तुमच्या मोबाइलमध्ये चांदी आहे, टीव्हीत आहे, विजेच्या बऱ्याच स्विचमध्ये आहे, छपरावरच्या सौर पॅनेलमध्ये आहे. सगळ्या धातूंमध्ये वीज सर्वांत सहज वाहून नेणारी चांदीच. म्हणून जगात दरवर्षी लागणाऱ्या चांदीपैकी निम्म्याहून जास्त कारखान्यांत जाते. सोन्याचं तसं नाही. ते बहुतेक दागिन्यांत किंवा तिजोरीत जातं आणि तिथेच राहतं.

आता उडी. बिबट्याची खरी ताकद उडीत आहे. तासन्‌तास दबा धरून बसेल आणि एका क्षणात झेप घेईल. चांदीचा भावही तसाच. १९७९ च्या सुरुवातीला अमेरिकेत चांदी औंसाला सहा डॉलरच्या आसपास होती. टेक्सासमधल्या हंट बंधूंनी ती गोळा करायचा सपाटा लावला आणि जानेवारी १९८० मध्ये भाव पन्नास डॉलरच्या उंबरठ्यावर गेला. मग बाजारानं उसनवारीच्या खरेदीवर बंधनं आणली. २७ मार्च १९८० ला भाव अकरा डॉलरच्या खाली आला. बिबट्या झाडावर चढला तसाच उतरला, फक्त खाली उभ्या असलेल्या लोकांच्या अंगावर.

२०११ च्या एप्रिलात भाव पुन्हा पन्नासच्या जवळ पोहोचला आणि मेच्या पहिल्या आठवड्यातच जवळपास पाव हिस्सा उतरला. १९८० चा तो जुना उच्चांक खऱ्या अर्थानं मोडला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे ज्यानं त्या जानेवारीत शिखरावर चांदी घेतली, त्याला डॉलरमध्ये नुसतं मुद्दल दिसायला ४५ वर्षं लागली. आपल्याकडे रुपया घसरत गेला म्हणून इतका काळ लागला नाही, पण धडा तोच.

ही उडी का पडते? दोन कारणं. एक म्हणजे चांदीचा बाजार सोन्याच्या मानानं लहान आहे. लहान तळ्यात म्हैस उतरली की पाणी काठाबाहेर जातं. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. खाणीतून निघणाऱ्या चांदीपैकी बहुतांश चांदी जस्त, शिसं, तांबं, सोनं काढताना सोबत मिळते. आपल्या राजस्थानातही ती जस्त आणि शिशाच्या खाणींतूनच येते. त्यामुळे भाव दुप्पट झाला तरी खाणवाला लगेच दुप्पट चांदी काढू शकत नाही. मागणी वाढते, पुरवठा जागेवर राहतो, आणि बिबट्या उडी मारतो.

आता खरा मुद्दा. बिबट्या दिसला की गावात दोन गोष्टी होतात. एक, मोबाइल घेऊन गर्दी. दोन, "पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा" अशी मागणी. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचं दुःख चेष्टेचं नाही, आणि त्यांची मागणी समजण्यासारखी आहे. पण विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर भागाचा अभ्यास केला तेव्हा उलटंच दिसलं. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं.

पैशाचंही असंच आहे. भाव चढल्याच्या बातम्या आल्या की आपण मुदत ठेव मोडून चांदीत टाकतो. भाव पडला की घाबरून विकून पुन्हा बँकेत. हे पैशाचं स्थलांतर. दर फेरीत थोडं रक्त जातं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीआधी इतकी झुंबड उडाली की काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं काही काळ थांबवलं. चांदीचे ईटीएफ आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा महाग विकले जात होते. दिवाळीतच भाव घसरला. पुढे तो पुन्हा वर गेला हे खरं, पण त्या घसरणीत घाबरून विकणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मग करायचं काय? वन खातं बिबट्याबद्दल जे सांगतं, तेच चांदीला लावा.

गर्दीत जाऊ नका. शेजाऱ्यानं घेतली म्हणून घेऊ नका. घ्यायचीच तर दर महिन्याला थोडी थोडी.

पळू नका. भाव उतरला की त्याच दिवशी निर्णय घेऊ नका.

कचरा साठवू नका. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. मोबाइलवर येणाऱ्या 'खात्रीच्या टिप' हा कचराच. त्याच्या वासानं ठग येतात.

आणि अंतर ठेवा. माझा स्वतःचा नियम असा की बचतीच्या शंभर रुपयांत चांदी पाच-सात रुपयांच्या वर नको, आणि औषधपाण्याचे पैसे तर तिच्यात कधीच नकोत. कर्ज काढून चांदी घेणं म्हणजे बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून फिरायला नेणं.

भांडी-दागिने हौसेनं घ्या, पण ती गुंतवणूक समजू नका. घडणावळ परत मिळत नाही. हॉलमार्क बघा. तेवढ्याच किमतीचं सोनं मुठीत मावतं, चांदीला कपाट लागतं. शिवाय हवेतल्या गंधकानं ती काळी पडते. आमच्या मेसमध्ये ट्रॉफ्या मांडायच्या असल्या की हवालदार दुपारभर त्या घासत बसायचा. मी तेव्हाच म्हणायचो, सोन्याला राखणदार लागतो, चांदीला नोकर!

बिबट्या वाईट नाही आणि चांदीही वाईट नाही. दोघं आपापल्या स्वभावानं वागतात, आणि दोघांच्या शेजारी आपल्याला राहायचंच आहे. पुढच्या भागात तांब्याबद्दल बोलू. त्याला कोणता प्राणी शोभेल, याचा तुम्हीही विचार करून ठेवा.

जय हिंद!