राबाच्या आगीत जिवाणू कसे तगतात?

नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याजवळ जुन्नर तालुक्यातील घाटघर हे गाव वसले आहे. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात माळ करपून जातो. भात हे येथील मुख्य पीक होय. रोपांसाठी शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून राब भाजण्याची चाल सह्याद्रीच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशाच एका राबाशेजारी एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, मातीत जिवाणू असतात म्हणता, मग या आगीत ते मरत नाहीत का?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर जिवाणूंच्या वाढीच्या रीतीत आहे.

जिवाणू म्हणजे एकच पेशी. ती वाढते, तिच्या मध्यभागी प्रथिनाचे एक कडे तयार होते, ते आवळत जाते आणि एकीच्या दोन पेशी होतात. अन्न व ऊब भरपूर असल्यास आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. अन्न जितके सकस तितकी पेशी मोठी, हे कोपनहेगन येथील शास्त्रज्ञांनी १९५८ साली दाखवून दिले. उलट अन्न आटले की पेशीत एक रासायनिक इशारा निर्माण होतो, प्रथिने बनविण्याचे काम आवरते घेतले जाते व वाढ मंदावते. पेशीच्या जनुकद्रव्यास इजा झाल्यास विभाजनच रोखले जाते व आधी दुरुस्ती होते. पाऊस लांबला की शहाणा शेतकरी लावणी थांबवितो, तसाच हा प्रकार आहे.

बॅसिलस जातीचे जिवाणू याहून पुढे जातात. उपासमार होऊ लागताच त्यांची पेशी मधोमध न विभागता एका टोकाशी विभागते. लहान भाग मोठ्याच्या पोटात जातो, त्याभोवती जाड कवच चढते व बीजाणू तयार होतो. मोठा भाग फुटून नष्ट होतो. असे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत, हे फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली नोंदविले. या कामास कित्येक तास लागतात. म्हणून आग लागल्यावर तयारी करून भागत नाही. जे आधीच बीजाणूरूपात गेलेले असतात, तेच वरच्या थरात तगतात. खालच्या थरास धग कमी लागते. पहिल्या पावसाबरोबर उरलेले जिवाणू मृत जिवाणूंच्या अवशेषांवर झपाट्याने वाढतात व त्यातील नत्र रोपांस मिळते. तणांचे बीही जळते. राबाचा गुण तो हाच. मात्र त्यासाठी झाडे ओरबाडली जातात आणि खत होऊ शकणारा पालाही जळून जातो.

आता आमच्या चुकीविषयी. एका उन्हाळ्यात ॲझोस्पिरिलमची पाकिटे मी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली व पेरणीच्या वेळी वाटली. त्यांचा काहीच गुण दिसला नाही. हा जिवाणू बीजाणू बनवीत नाही. पत्र्याखालची उष्णता तो सोसू शकत नाही. दोष शेतकऱ्यांचा नव्हता, माझ्या साठवणीचा होता. शेतकऱ्यांचा विश्वास मात्र डळमळला, आणि तो परत मिळविणे पाकीट मिळविण्याइतके सोपे नसते.

म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

१. पाकिटे थंड, सावलीच्या जागी ठेवावीत. अंतिम तारीख पाहूनच घ्यावीत.

२. भाताचे बी ३ टक्के मिठाच्या पाण्यात (१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ) बुडवून तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. उरलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

३. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. जिवाणू संवर्धक शेवटी, दर किलो बियाण्यास २५ ग्रॅम या प्रमाणात चोळावे. बी सावलीत सुकवून लगेच पेरावे.

४. संवर्धक रासायनिक खतात मिसळू नये.

५. राबाऐवजी थोड्या जागेत गादीवाफा करून पाहावा. त्यात चांगले कुजलेले शेणखत व भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी.

त्या वृद्ध शेतकऱ्यास मी एवढेच सांगितले, "बाबा, आगीत सगळे मरत नाहीत, पण जे आपण विकत आणतो, ते उन्हातसुद्धा मरते."