विज्ञानकथेच्या आडोशाने

ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. निखळ गोऱ्या ज्यूरीने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. पुढे त्याच दोघांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला आपला गुन्हा सांगितला. या घटनेवर दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहायला रॉड सर्लिंग हा ज्यू लेखक बसला. काळा माणूस मेलेला दाखवू देणार नाहीत हे ओळखून त्याने आधीच त्याला म्हातारा ज्यू केले. तेवढ्यानेही भागले नाही. नाटकाचे मूळ वर्तमानपत्रात येताच गोऱ्यांच्या संघटनांनी बहिष्काराची भीती घातली आणि खर्च करणारी पोलाद कंपनी हादरली. ज्यूचा निनावी परदेशी झाला. गाव दूर उत्तरेत नेले गेले. कोकाकोलाच्या बाटल्याही पडद्यावरून उचलल्या, कारण ते पेय दक्षिणेचे! १९५६ साली जे दाखवले गेले त्यात टिल कुठे उरला होता? १९५८ मध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला; तेव्हा मेलेला माणूस मेक्सिकन झाला आणि काळ एकोणिसाव्या शतकातला.

२ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएसवर सर्लिंगची 'द ट्वायलाइट झोन' ही मालिका सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. दर भागात नवी कथा, नवी पात्रे. विज्ञानकथा, भुताटकी, स्वप्न असे सगळे. १९६४ पर्यंत १५६ भाग झाले, त्यांतले ९२ त्याने स्वतः लिहिले. जे काळा माणूस बोलला तर प्रायोजक पळाला असता, तेच परग्रहावर घडले की त्याला करमणूक वाटे.

१९६० मधला 'आय ऑफ द बिहोल्डर' हा भाग पाहावा. इस्पितळात एक बाई, चेहऱ्यावर पट्ट्या. इतरांसारखी दिसावी म्हणून तिच्यावर अकरावा उपचार चालला आहे. डॉक्टरांचे चेहरे सतत सावलीत. पट्ट्या उतरतात तेव्हा ती आपल्या डोळ्यांना सुंदर दिसते. डुकरासारखी नाके आहेत ती डॉक्टरांना. उपचार फसला म्हणून तिला तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत पाठवतात. गावकुसाबाहेरची वस्ती ज्याने पाहिली आहे त्याला हा भाग कोणी समजावून सांगायला नको.

परंतु इथेच एक अडचण आहे. पट्ट्यांखालून निघालेला चेहरा गोराच आहे. रूपक सर्वांना लागू पडते म्हणून ते चालते, आणि सर्वांना लागू पडते म्हणूनच मारणाऱ्यालाही त्यात स्वतःला बळी समजता येते. १९६४ मध्ये मालिकेने रोबेर आंरिकोचा कान महोत्सवात गौरवलेला फ्रेंच लघुपट दाखवला: पुलावर फाशी जाणाऱ्या माणसाला सुटकेचा भास होतो. लघुपट म्हणून तो अप्रतिम आहे. पण अँब्रोज बिअर्सच्या मूळ कथेतला तो माणूस गुलामांचा मालक आहे, हे विसरून त्याच्यासाठी हळहळता येते.

मग एप्रिल १९६० चा 'द बिग टॉल विश' वेगळा उठून दिसतो. त्यात मंगळवासी नाहीत. आयव्हन डिक्सनने रंगवलेला थकलेला मुष्टियोद्धा, शेजारचा लहान मुलगा, त्याची आई. मुख्य पात्रे सारी काळी. हात मोडलेला योद्धा हरतो, तर मुलगा जीव तोडून त्याच्या विजयाची इच्छा करतो आणि हार जीत होते. चमत्कारावर विश्वास ठेव, असे मुलगा त्याला परोपरीने विनवतो. आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला ते जमत नाही. पुढच्या क्षणी तो पुन्हा रिंगणात जमिनीवर पडलेला असतो.