गोंधळ ऐकायला आपणही पुढं बसूया

लग्नसराई सुरू झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावी संबळ वाजायला लागतो. तुळजाभवानी आपल्या तुळजापूरची, त्यामुळं घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचाच, ही आपल्याकडची रीत. आज या गोंधळाबद्दल थोडं बोलूया.

गोंधळ हा देवीचा कुळाचार आहे, तसंच ते उघड्या अंगणातलं संगीत नाटकही आहे. त्याला तिकीट नाही, आमंत्रणही लागत नाही. खर्च यजमानाचा, पण ऐकायला सगळी गल्ली मोकळी.

गोंधळी साधारण चार-पाच जण असतात. आपल्याकडं भवानीचे उपासक ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला कुंकू. एकजण संबळ वाजवतो, एकजण तुणतुणं, एकाच्या हाती झांज. मधे उभा राहतो तो नाईक, म्हणजे मुख्य गाणारा.

आधी चौक मांडतात. पाटावर नवं कापड, त्यावर धान्य, कलश, विड्याची पानं, नारळ आणि देवीचा टाक. मग दिवटी पेटवतात. सुरुवातीला गणपतीचं गाणं होतं. नंतर तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, पंढरपूर, जेजुरी अशा ठिकठिकाणच्या देवांना गोंधळाला येण्याचं बोलावणं होतं. हा झाला पूर्वरंग. उत्तररंगात येतं आख्यान, म्हणजे गोष्ट. खरं नाटक इथंच असतं.

या नाटकाला ना पडदा, ना सजावट. नाईकच राजा होतो, तोच राणी होतो. आवाज बदलला, उपरणं डोक्यावर घेतलं, की माणूस बदलला. संबळ वाजला की गाणं, थांबला की बोलणं. शेजारचा साथीदार मधेच अडवून वेडेवाकडे प्रश्न विचारतो. आपल्या मनात येणारीच शंका तो बोलून दाखवतो. त्यात हसू येतं आणि गोष्टही उलगडते.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. आख्यान रंगात येतं तेव्हा आपण बायका कुठं असतो? चुलीपाशी. पुरण वाटणं, पोळ्या लाटणं, पंगतीची तयारी. अंगणात पुरुष आणि पोरं बसलेली, आणि आपल्या कानावर येतो तो फक्त संबळाचा आवाज. शेवटी आरतीला ताट घेऊन आपण बाहेर येतो.

आणि गोष्टी तर कितीदा आपल्याच असतात. जांभूळ आख्यान घ्या. द्रौपदीचं मन कर्णाकडं ओढ घेतं आणि कृष्ण ते ओळखतो, अशी ती कथा. शाहीर विठ्ठल उमप यांनी हे आख्यान रंगमंचावर गाजवलं. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचंही नाव याच कलेनं महाराष्ट्रभर झालं. बाईच्या मनातलं अंगणात उघड बोललं जातं आणि बायकांनीच ते ऐकू नये, हे काही बरं नाही.

दुसरी अडचण वेळेची. पूर्वी गोंधळ रात्रभर चालायचा. आता डीजेला वेळ हवा म्हणून बऱ्याच घरी तो अर्ध्या तासात उरकतात. चौक होतो, आरती होते, आणि कात्री लागते ती आख्यानाला. ऐकणारं कुणी नसेल, तर गोंधळ्याचं पोरगं ती लांबलचक गोष्ट पाठ तरी कशाला करील?

म्हणून घरी गोंधळ ठरला की एवढं करूया. सुपारी देतानाच विचारायचं, आख्यान कोणतं सांगणार? किमान दोन तास राखून ठेवायचे. बिदागी आधीच ठरवायची. आरतीच्या ताटात पडेल त्यावर त्यांना सोडायचं नाही. फुकट ऐकायला मिळतं ते आपल्याला. त्यांचं पोट त्यावर आहे. नैवेद्य दिवसाउजेडी करायचा, पंगत आधी उठवायची, आणि वाढायला घरातल्या पुरुषांनाही लावायचं. शहरात अंगण नसेल तर देवळापुढची मोकळी जागा किंवा गच्ची चालते.

मग सासूबाईंना, जावांना, शेजारणींना हाक मारायची आणि सतरंजीवर पुढच्या रांगेत बसायचं. दिवटीला तेल घालायला कुणीतरी उठेलच, पण आख्यान संपेपर्यंत चुलीकडं कुणी जायचं नाही.