लांगलीचे विष, कांद्याची मुळे आणि शोधनाची कसोटी

लांगली म्हणजे आपली कळलावी. शास्त्रकारांनी तिची गणना उपविषांत केली असून औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई(१) मध्येही तिचा समावेश आहे. तिच्या कंदातील व बियांतील प्रमुख विषारी द्रव्य कोल्चिसिन होय.

त्याचे कार्य समजण्यास कांद्याची मुळे उपयोगी पडतात. १९३८ साली स्वीडनचे अल्बर्ट लेव्हान यांनी या मुळांवरील कोल्चिसिनचा परिणाम वर्णिला. पेशीविभाजनाच्या वेळी ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिका गुणसूत्रांना दोन बाजूंस नेतात. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटते, नलिका बनत नाहीत व विभाजन अडते. परिणामी मुळाची वाढ खुंटून टोक फुगते.

मानवी शरीरात हाच आघात सतत विभागणाऱ्या पेशींवर, विशेषतः आंत्राच्या अस्तरावर व अस्थिमज्जेवर होतो. म्हणून विषबाधेत प्रथम वमन व अतिसार आणि पुढे रक्तपेशींचा ऱ्हास दिसतो.

मग शोधित लांगलीच्या अर्कात कांद्याची मुळे नीट वाढली, तर द्रव्य निर्विष झाले असे मानावे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. वनस्पतींच्या ट्युब्युलिनला कोल्चिसिन फारच क्षीणपणे चिकटते. प्राणिपेशींना बाधक ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा मुळांना लागते. मूळ वाढले तरी रुग्ण सुरक्षित ठरत नाही.

गोमूत्रात एक अहोरात्र भिजवून शोधन करताना जलविद्राव्य कोल्चिसिनचा काही अंश द्रवात उतरतो. किती उतरतो, हे तुकड्यांची जाडी, द्रवाचे प्रमाण व काळ यांवर अवलंबून असते. म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाण्याचे कोल्चिसिन-मापन प्रयोगशाळेतून करून घ्यावे. उरलेले गोमूत्रही विषारी समजून जनावरांपासून दूर ठेवावे.

चिकित्सकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कोल्चिसिनचे विघटन यकृतातील सीवायपी ३ए४ या एन्झाइमद्वारे होते. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल यांसारखी औषधे त्याचे कार्य रोखतात. तेव्हा एरवी सोसणारी मात्राही मारक ठरू शकते. वृक्कविकारातही हाच धोका असतो. वातरक्ताचा रुग्ण आधीच कोल्चिसिनच्या गोळ्या घेत असण्याचा संभव असतो. गर्भिणीस तर लांगली सर्वथा वर्ज्य.

सबब, लांगलीयुक्त कल्प लिहिण्यापूर्वी रुग्णाची चालू औषधे विचारावीत, आणि विकण्यापूर्वी त्या घाण्याचा तपासणी-अहवाल पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.