परतीचा कौल

आचऱ्याच्या गावपळणीत रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत काढतो आणि पुन्हा कौल होताच घरी परततो. घर सोडताना आम्हां आचरेकरांस धास्ती वाटत नाही, कारण परतणे ठरलेले असते. शहरातील पुनर्वसनाचे मर्मही हेच होय.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पण नव्या चाळी मागाहून उठल्या. हुसकलेली माणसे शेजारच्या गल्ल्यांत अधिकच दाटीने राहिली.

१९२०च्या दशकातील बीडीडी चाळींत कोकणच्या कितीतरी चाकरमान्यांचे संसार १६० चौरस फुटांत झाले. तेथे म्हाडा रहिवाशांस ५०० चौरस फुटांची घरे विनामूल्य देते. खर्च जादा घरांच्या विक्रीतून काढावयाचा. भूमिपूजन २०१७ साली झाले. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५मध्ये मिळाल्या. मधली वर्षे कुटुंबांनी अन्यत्र काढली.

म्हणून कोणत्याही योजनेस आपण प्रथम विचारावे: मधल्या काळात राहावयाचे कोठे, आणि परतावयाचे कधी? उत्तर लेखी मिळाल्यावाचून उंबरठा सोडू नये.