चौदा ग्रॅमचा हिशेब

शीतपेयाचा रिकामा कॅन तळहातावर ठेवला तर वजन जाणवतच नाही. जेमतेम १४ ग्रॅम. पण एवढं अल्युमिनियम ऑक्सिजनच्या तावडीतून सोडवायला किती इलेक्ट्रॉन लागतात? ९४ लिहा आणि पुढे २२ शून्यं काढा.

हिशेब शाळेतलाच आहे. अल्युमिनियमच्या प्रत्येक आयनाला तीन इलेक्ट्रॉन हवेत, म्हणजे २७ ग्रॅम धातूमागे सुमारे २ लाख ८९ हजार कूलोम प्रभार. आपल्या कॅनच्या वाट्याला दीड लाख. एक अँपिअरचा प्रवाह अखंड सोडलात तर पावणेदोन दिवस थांबावं लागेल. कारखान्यातल्या साडेतीन लाख अँपिअरच्या पॉटमध्ये हेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतं.

आणि या अजस्र प्रवाहामागचा दाब किती? चार-सव्वाचार व्होल्ट. टॉर्चमधले तीन सेलही तेवढा देतात!

पॉट म्हणजे कार्बनचं अस्तर लावलेली पोलादी पेटी. तळ हा ऋणाग्र, वरून सोडलेले कार्बनचे ठोकळे धनाग्र, आणि मध्ये ९६० अंशांवर वितळलेलं क्रायोलाइट, त्यात विरघळलेला अल्युमिना, म्हणजे अल्युमिनियमचं ऑक्साइड. नुसता अल्युमिना वितळवायचा तर २०७२ अंश गाठावे लागतात. क्रायोलाइटने ती कटकट वाचवली. सुटलेला ऑक्सिजन धनाग्रालाच खातो. किलोभर धातूमागे सुमारे ४०० ग्रॅम कार्बन जळून जातो, म्हणून ठोकळे दर काही आठवड्यांनी बदलायचे. धातू तळाशी साचतो.

ही युक्ती १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांना एकमेकांना न कळता सापडली. दोघांचाही जन्म १८६३ चा. या शोधाआधी दोनच वर्षं वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अल्युमिनियम बसवलं होतं, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या बरोबरीचा होता.

साडेतीन लाख अँपिअरचे ३०० पॉट एका रांगेत जोडले की भूक होते सुमारे ४४० मेगावॉट. १९६० मेगावॉटचा आपला अख्खा कोयना प्रकल्प अशा साडेचार रांगांत संपला. शिवाय कोयनेची वीज गरजेच्या वेळी वापरायची. पॉटला मात्र रात्रंदिवस हवी. काही तास वीज गेली तर आतला रस गोठतो आणि पॉट कामातून जातो.

जगात वर्षाला सुमारे ७ कोटी टन नवं अल्युमिनियम निघतं, त्यातलं निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये. किलोला १४ युनिट धरा: एक लाख कोटी युनिटच्या घरात आकडा जातो. कच्च्या मालाचा तुटवडा मुळीच नाही. भूकवचाचा ८ टक्के भाग अल्युमिनियमच आहे, आणि त्याचं खनिज बॉक्साइट कोल्हापूरच्या पठारांवरसुद्धा सापडतं. पैसा जातो तो विजेत.

तेव्हा पिचका टोप किंवा मोडका कुकर कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्याला द्या. जुनं अल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या अवघी ५ टक्के ऊर्जा लागते.