कोणाबरोबर कोण: मुक्त उपजेचे मोठे वाद्यमेळ

ज्या संगीतात सूर, लय, रचना किंवा वादनाचा क्रम यांपैकी काहीही आधी ठरलेले नसते आणि वादक एकमेकांचे ऐकत सारे काही जागच्या जागी घडवतात, त्याला या लेखात मुक्त उपज म्हटले आहे. दोघातिघांत ती साधताना प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रत्येक आवाज ऐकू येतो. परंतु वादक दहा-पंधरा झाले की ऐकण्याची ही साखळी तुटते, सगळे एकदम वाजवू लागतात, आवाज चढत जातो आणि मृदू वाद्ये त्यात बुडून जातात. १९६० नंतर अमेरिकेत आणि युरोपात उभ्या राहिलेल्या मोठ्या मुक्त मेळांचा इतिहास बव्हंशी याच अडचणीशी झालेल्या झटापटीचा आहे, आणि तिच्यावर जे उपाय निघाले त्यांत मेळातून वेगवेगळे लहान गट पाडण्याचा, वरकरणी अगदी साधा वाटणारा उपाय सर्वांत फलदायी ठरला.

आरंभीच्या प्रयोगांना जॅझचा सांगाडा पुरेसा होता. ऑर्नेट कोलमन याने २१ डिसेंबर १९६० रोजी ‘फ्री जॅझ’साठी चार-चार वादकांचे दोन गट समोरासमोर बसवले आणि ध्वनिमुद्रिकेत एक गट डाव्या, तर दुसरा उजव्या बाजूने ऐकू येईल अशी योजना केली; जॉन कोल्ट्रेनने १९६५ मध्ये ‘असेन्शन’साठी अकरा वादक जमवले. दोन्हीकडे सामूहिक कल्लोळ आणि एकेकट्याचे वादन यांची आलटूनपालटून मांडणी होती, म्हणजे कोण कधी पुढे येणार हे बरेचसे ठरलेलेच होते. युरोपात अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख याने १९६६ मध्ये ग्लोब युनिटी ऑर्केस्ट्रा उभारला, तर पीटर ब्रॉट्झमन याच्या आठ जणांच्या मेळाने १९६८ मध्ये ‘मशीन गन’ ध्वनिमुद्रित केले. या संगीताचा जोर आजही ओसरलेला नाही, मात्र त्यात एखाद्या वादकाचा बारीक बोल ऐकू येण्याला फारसा वाव नव्हता, हेही मान्य करायला हवे.

लंडनमध्ये ढोलवादक जॉन स्टीव्हन्स याने नेमकी हीच उणीव हेरली. लिटल थिएटर क्लबमध्ये १९६६ पासून जमणाऱ्या त्याच्या स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल या गटात दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपले वादन फार मोठे आहे असे समजण्याची शिस्त होती. मोठ्या समूहांसाठी त्याने ‘क्लिक पीस’सारखे पाठ रचले, त्यात प्रत्येकाने आपल्या वाद्यातून निघू शकेल तेवढा आखूड आवाज काढायचा असतो, आणि अशा शेकडो ठिपक्यांतून हळूहळू एक सामायिक पोत तयार होतो. नवशिक्यांनाही या पाठांत भाग घेता येत असे, ही त्यांची मोठीच जमेची बाजू होती.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार मात्र गिटारवादक डेरेक बेली (१९३०–२००५) याने केला. मुक्त उपजेत मुरलेला कायमचा गटही काही वर्षांनी स्वतःची ठरावीक बोली तयार करतो आणि मग ती बोलीच वादकांना चालवू लागते, हे त्याने जवळून पाहिले होते. म्हणून १९७६ मध्ये त्याने ‘कंपनी’ या नावाने कायमचे सभासद नसलेला एक मेळ सुरू केला आणि १९७७ पासून ‘कंपनी वीक’ भरवायला सुरुवात केली. त्यात वेगवेगळ्या देशांतले आणि वेगवेगळ्या परंपरांतले वादक काही दिवस एकत्र येत आणि रोज कोणी कोणाबरोबर वाजवायचे ते त्या त्या वेळी ठरे. १९७७ च्या लंडनमधील पहिल्या सप्ताहाच्या ध्वनिमुद्रिकांवर बेलीसह अँथनी ब्रॅक्स्टन, लिओ स्मिथ, स्टीव्ह लेसी, एव्हन पार्कर, लोल कॉक्सहिल, हान बेनिंक, ट्रिस्टन होन्सिंगर, मार्टेन आल्टेना आणि स्टीव्ह बेरेसफर्ड असे दहा वादक आहेत. दहा जणांतून दोघांच्या ४५, तिघांच्या १२० आणि चौघांच्या २१० जोडण्या होतात. दोघांपासून दहाही जणांपर्यंतचे सर्व गट मोजले तर संख्या १०१३ भरते. एका सप्ताहात त्यांतल्या मोजक्याच प्रत्यक्षात येणार, हे उघड आहे, आणि म्हणूनच कोणती जोडणी करायची हा निर्णय जवळजवळ रचनाकाराच्या निर्णयाइतका वजनदार ठरतो. फरक इतकाच की तो वाजणाऱ्या स्वरांबद्दल काहीच सांगत नाही.

या पद्धतीची फळे १९८२ च्या ‘एपिफनी’ आणि ‘एपिफनीज’ या ध्वनिमुद्रणांत शेजारीशेजारी ऐकता येतात. पहिल्यात दहाही जण एकत्र आहेत, दुसऱ्यात त्यांतूनच निघालेले लहान गट. अभिजात पाश्चात्त्य संगीताची पियानोवादक उर्सुला ओपन्स, गायिका जूली टिपेट्स, ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस, स्वतः घडवलेली वाद्ये वाजवणारा अकिओ सुझुकी असे एरवी एका मंचावर क्वचितच दिसणारे लोक त्यात आहेत. लहान गटांत एकमेकांच्या सवयी कळल्या की दहा जणांच्या वादनातही कोण थांबला आहे आणि कोणाला वाट द्यायची आहे याचे भान टिकते. मोठ्या मेळाची तालीम ती हीच, असे म्हणायला हरकत नाही.

बेलीने उपजेवर लिहिलेल्या, १९८० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात भारतीय संगीतावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यासाठी त्याने लंडनमधील सतारवादक विराम जसानी यांच्याशी चर्चा केली होती. मराठी श्रोत्याला हा दुवा जवळचा वाटेल, परंतु त्यातला भेद अधिक बोलका आहे. ख्यालाच्या मैफलीत मुख्य कलाकार कोण आणि साथीदार कोण हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते, जुगलबंदीतही दोघांना राग आणि ताल समान असतात, आणि उपज या चौकटीच्या आधाराने फुलते. ‘कंपनी’त ही नातीच मोकळी सोडलेली असल्याने साथ कोण करतो आणि पुढे कोण जातो हे वाजवता वाजवताच ठरावे लागते.

दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांनी गट पाडण्याचे काम वादनाच्या आत आणले. जॉन झोर्न याच्या ‘कोब्रा’ (१९८४) या खेळात एक सूत्रधार पत्ते दाखवतो आणि वादक खुणांनी त्याच्याकडे पत्ता मागतात. काही पत्ते जोड्या पाडतात, तर एका पत्त्यावर वाजवणारे थांबतात आणि गप्प असलेल्यांना संधी मिळते. बुच मॉरिस याने १ फेब्रुवारी १९८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर केलेल्या ‘कंडक्शन’मध्ये संचालक हातवारे आणि छडी यांच्या साहाय्याने, एकही स्वर लिहून न देता, क्षणोक्षणी गट बांधतो आणि मोडतो. परिणाम अनेकदा विलक्षण रेखीव असतो, पण निर्णय एका हातात एकवटतात. ज्या संगीताने सर्वांना समान जबाबदारी देऊ केली त्याच्या दृष्टीने ही किंमत लहान नाही.

मॉरिसच्या १९९७ च्या इंग्लंड दौऱ्यात भाग घेतलेल्या वादकांतूनच १९९८ मध्ये लंडन इम्प्रोव्हायझर्स ऑर्केस्ट्रा निर्माण झाला, आणि त्यात १९७७ च्या सप्ताहातले पार्कर व बेरेसफर्डही होते. त्यांनी छडी पूर्णपणे टाकली नाही, पण ती एकाच्या हाती ठेवलीही नाही: सभासद आळीपाळीने संचालन करतात आणि त्याच कार्यक्रमात संचालकाविना सर्वांनी मिळून केलेले मुक्त वादनही होते.